वाचक विचारतात : नोकरीतल्या अभियंत्याने पुन्हा काय शिकावे?

प्रश्न : कलाभवनातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतल्याला आता २२ वर्षे झाली. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी देखभाल विभाग पाहतो. यंत्रकामाला जोडून आमच्याकडे क्रोम-निकेल प्लेटिंगचीही शाखा आहे. गेल्या दिवाळीनंतर वीज, हवा आणि बॉयलर यांच्या जोडीला सांडपाणी शुद्ध करणारा संच, म्हणजे ईटीपीही, व्यवस्थापनाने माझ्याकडे सोपवला आणि तयारी म्हणून एका दिवसाच्या परिसंवादाला पाठवले. तेथे पिशवी, पेन आणि जेवण उत्तम मिळाले. आता ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा द्यावी, की पर्यावरण व्यवस्थापनाची पदविका करावी? वय ४४, मुलगी दहावीत. दोन्हींना पुरेल एवढा वेळ नाही. – एक वाचक, बडोदे

उत्तर : आपल्या पत्रातील ‘की’ या अक्षराशीच माझे भांडण आहे. महाविद्यालयात ऊर्जा आणि पर्यावरण हे विषय वेगवेगळ्या खोल्यांत शिकवले जातात, म्हणून ते वेगळे वाटतात. आपल्या प्लेटिंगच्या शाखेत मात्र ते एकाच टाकीत आहेत. प्लेटिंगच्या टाकीतून काम, म्हणजे मुलामा दिलेला भाग, बाहेर काढले की त्याला चिकटून थोडे द्रावण ओढले जाते आणि ते धुण्यासाठी पाणी वाहते ठेवावे लागते. ओढून आलेले एक लिटर द्रावण हजार पट पातळ करायचे असेल, तर एका टाकीत धुताना सुमारे हजार लिटर पाणी लागते. तेच काम लागोपाठच्या दोन टाक्यांत केले आणि स्वच्छ पाणी शेवटच्या टाकीत सोडून उलट दिशेने पहिल्या टाकीकडे आणले, तर हिशेबाने सुमारे ३२ लिटर पुरते, कारण हजाराचे वर्गमूळ ३१.६ आहे. प्रत्यक्षात मिसळण परिपूर्ण नसते, त्यामुळे थोडे जास्त पाणी सोडावे लागेल. तरीही वाचलेले पाणी उपसायचे नाही, धुण्याचे पाणी गरम असेल तर तापवायचे नाही आणि ईटीपीत ढकलायचेही नाही. ही ऊर्जाबचत म्हणावी की प्रदूषण-नियंत्रण, हे ठरवण्याची गरज आपल्याला पडणार नाही.

तरीही आधी काय, असे विचाराल तर मी परीक्षेच्या बाजूने आहे, कारण तिचा अभ्यासक्रम आपल्या रोजच्या कामावर बेतलेला आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला, त्याच्या अंमलबजावणीसाठी २००२ साली ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला आणि ही राष्ट्रीय परीक्षा त्याच ब्युरोची आहे. ऊर्जा व्यवस्थापकाला तीन प्रश्नपत्रिका द्याव्या लागतात : सर्वसाधारण बाबी, उष्णतेवर चालणारी यंत्रणा आणि विजेवर चालणारी यंत्रणा. लेखापरीक्षकाला चौथीही असते. ती यंत्रांच्या कामगिरीचे मूल्यमापन तपासते आणि पुस्तके उघडी ठेवून लिहिता येते. त्यामुळे ती सोपी असेल, असा समज मात्र करून घेऊ नये. ब्युरोची मार्गदर्शक पुस्तके मोफत मिळतात. रोज पहाटे एक तास दिला तर वर्षभरात ती होतात, आणि दहावीच्या घरात पहाटेचा दिवा तसाही लागतोच. पात्रतेच्या अटी आणि तारखा प्रत्येक वेळच्या अधिसूचनेत पाहून घ्याव्यात.

परंतु अर्ज भरण्याआधी एका साप्ताहिक सुटीच्या दिवशी कारखान्यात जा आणि हवेचा कॉम्प्रेसर चालू करा. सर्व यंत्रे बंद असताना हवा कोणीच वापरत नाही, म्हणजे कॉम्प्रेसर जेवढा वेळ भारावर, म्हणजे हवा दाबत, चालेल तेवढी हवा केवळ गळतीला जात असते. समजा, तो दीड मिनिट भारावर राहिला आणि साडेचार मिनिटे बिनभार. सहापैकी दीड, म्हणजे क्षमतेच्या २५ टक्के गळती. यंत्र मिनिटाला १० घनमीटर हवा देणारे असेल तर अडीच घनमीटर वाया गेले. सात बारच्या दाबाला मिनिटाच्या एका घनमीटरमागे साधारण सहा किलोवॉट धरले तर १५ किलोवॉट झाले. कारखाना चोवीस तास आणि वर्षाला ३०० दिवस चालत असेल, तर ही १,०८,००० युनिटे होतात. आपल्याकडच्या ग्रीडच्या विजेमागे युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरल्यास धूर वेगळा ७५ टनांचा. त्यानंतर बादलीत साबणाचे पाणी आणि हातात ब्रश घेऊन नळ्यांचे सांधे तपासत चला. जेथे बुडबुडे फुगतील तेथे खडूने फुली मारा. या कामात हेल्परला बरोबर घ्यावे. फुसफुस कोठे येते हे त्याला बहुधा आधीपासून ठाऊक असते, त्याला कोणी विचारलेले नसते.

हे आधी करा असे म्हणण्याला माझ्या स्वतःच्या फजितीचा आधार आहे. पंधराएक वर्षांपूर्वी मी नुकताच एका प्रशिक्षणातून आलो होतो आणि पंख्याचा घन नियम डोक्यात ताजा होता : वेग ८० टक्क्यांवर आणला की शक्ती ०.८ च्या घनाएवढी, म्हणजे ५१ टक्क्यांवर येते. मी तेव्हा ज्या कारखान्यात होतो त्याच्या जैविक शुद्धीकरण संचात हवा घालणारा ब्लोअर अहोरात्र पूर्ण वेगाने चालत असे. रात्री सांडपाण्याचा भार उतरला की टाकीतील विरघळलेला प्राणवायू लिटरला पाच मिलिग्रॅमपर्यंत चढे, जेथे दोनच्या आसपास पुरेसा असतो. मी ब्लोअरला वेग-नियंत्रक बसवण्याचा प्रस्ताव दिला, वीज निम्म्यावर येईल असे ठासून लिहिले आणि सही मिळवली. नियंत्रक बसला, वेग ८० टक्क्यांवर आणला, मीटर पाहिला. बचत कशीबशी २० टक्के. तीन दिवस मी मीटरलाच दोष देत होतो.

चूक मीटरची नव्हती. तो ब्लोअर दोन पात्यांचा, प्रत्येक फेऱ्यात ठरावीक हवा ढकलणारा होता, आणि त्याला ज्या दाबाविरुद्ध काम करायचे तो टाकीतल्या पाण्याच्या खोलीने ठरलेला. वेग कमी केल्याने खोली कमी होत नाही. दाब तोच राहिला तर शक्ती वेगाच्या प्रमाणातच उतरणार. घन नियम अपकेंद्री पंख्याला आणि पंपाला चांगला लागू पडतो, तोही जेथे विरोध मुख्यतः घर्षणाचा असेल तेथे. प्रशिक्षणात ही अट सांगितली गेली असणार, पण माझ्या वहीत केवळ सूत्र उतरले होते. परीक्षेचा अभ्यास करताना आपण प्रत्येक सूत्रापुढे आपल्या कारखान्यातील कोणत्या यंत्राला ते लागू आहे आणि कोणत्याला नाही, असे दोन रकाने आखावेत, ही सूचना त्या तीन दिवसांतून आलेली आहे.

पदविकेचा विचार प्रमाणपत्र हाती आल्यावर करावा. तोवर ईटीपीपुरते एवढे पुरे : प्लेटिंगच्या पाण्यातले विषारी षट्संयोजी क्रोमियम आधी आम्लात, पीएच दोन ते तीनच्या दरम्यान, कमी घातक अशा त्रिसंयोजी रूपात आणायचे आणि मगच पीएच चढवून गाळात बसवायचे. पहिली पायरी अर्धवट राहिली तर दुसरीत कितीही चुना घातला तरी ते पाण्याबरोबर निघून जाते. आपल्या संचातील पीएच-मापकाची इलेक्ट्रोड शेवटची कधी तपासली, हे आजच विचारा.

प्रश्न : मी रसायन अभियंता आहे. नंदेसरीतील एका कारखान्यात पर्यावरण विभागात काम करत होते. २०१३ साली घरच्या कारणाने नोकरी सोडली. आता सासूबाईंच्या शुश्रूषेतून मोकळी झाले आहे आणि परत यावेसे वाटते. मधल्या काळात काय काय बदलले आणि कोठून सुरुवात करावी? – एक वाचक, मांजलपूर

उत्तर : ताई, रसायनशास्त्र तेथेच आहे, बदलली आहे ती देखरेख आणि कागदपत्रे. आपण नोकरी सोडल्याच्या पुढच्याच वर्षी, २०१४ साली, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषक अशा १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाण्यावर आणि धुरावर सतत मोजणारी ऑनलाइन यंत्रे बसवण्याचे निर्देश दिले. पूर्वी नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत जात असे. आता आकडा थेट मंडळाच्या पडद्यावर जातो, म्हणून ते यंत्र खरे दाखवते की नाही हे सांगू शकणाऱ्या माणसाला किंमत आली आहे. घातक कचऱ्याचे नियम २०१६ साली नव्याने आले. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, तिच्या आधारे २०२३ साली कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित झाली, आणि पर्यावरण संरक्षण कायद्यातील तुरुंगवासाची शिक्षा जाऊन तेथे आर्थिक दंड आला. हे सारे मूळ अधिसूचनांतून वाचावे. सारांश सांगणारे अनेक आहेत आणि अटी गाळण्याची त्यांना सवय असते.

अभ्यासक्रमासाठी घराबाहेर पडण्याची आपल्याला लगेच गरज नाही. आयआयटींच्या प्राध्यापकांचे एनपीटेल या संकेतस्थळावरील वर्ग मोफत पाहता येतात, शुल्क लागते ते परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचे असेल तरच. सांडपाणी-शुद्धीकरण आणि वायुप्रदूषण हे दोनच विषय निवडा आणि गृहपाठ स्वतः सोडवा.

गुजरातेत आपल्याला एक वाट इतर राज्यांपेक्षा जास्त मोकळी आहे. येथे उच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशातून उद्योगांच्या पर्यावरण-लेखापरीक्षणाची योजना सुरू झाली, अभियांत्रिकी महाविद्यालयांसह मान्यताप्राप्त संस्था हे काम करतात आणि त्यांच्या चमूत रसायन अभियंत्याला जागा असते. पूर्ण वेळ कारखान्याची नोकरी मिळेपर्यंत अशा चमूत शिरणे हे कोणत्याही पदविकेपेक्षा अधिक शिकवील, कारण एका वर्षात अनेक निरनिराळे संच उघडे पाहायला मिळतात. नंदेसरीचे सांडपाणी ज्या वाहिनीने महीच्या मुखाकडे खंभातच्या आखाताला जाते, ती १९८३ पासून चालू असलेली सुमारे ५५ किलोमीटरची वाहिनी आपण नोकरीत असताना कागदावर पाहिली असेल. एकदा तिच्या काठाने जाऊन या. आपल्या संचातून सुटलेला सीओडी, म्हणजे पाण्यातला प्राणवायू खाणारा प्रदूषणाचा भार, शेवटी कोणाच्या शेताशेजारून वाहतो हे नकाशात दिसत नाही.

प्रश्न : मी दांडिया बाजारात राहतो आणि तांत्रिक प्रशिक्षण केंद्रात निदेशक आहे. ऊर्जाबचत शिकवताना मुलांपुढे इंग्रजी शब्द ठेवले की ती गप्प होतात, शुद्ध मराठी शब्द ठेवले की हसतात. काय करावे? – एक वाचक, बडोदे

उत्तर : बडोद्याला हा प्रश्न नवा नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० साली कलाभवन सुरू झाले तेव्हा त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह कारागिराला त्याच्याच भाषेतून शास्त्र द्यावे असाच होता. मी एवढेच करतो, की यंत्राचे नाव तेथले लोक म्हणतात तेच ठेवतो : कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह, ब्लोअर, गॅस्केट. जे घडते त्याचे वर्णन मात्र घरच्या शब्दांत : गळती, दाब, उष्णता, गाळ, वाया. ‘संपीडक’ म्हटले की मुले हसणारच. त्यांचे चुकत नाही. बॉयलरच्या धुराड्यातून जाणाऱ्या वायूचे तापमान २२ अंशांनी उतरवले की कार्यक्षमता सुमारे एक टक्क्याने वाढते, हे सांगताना आधी त्यांना मापक वाचायला लावावा आणि आकडा फळ्यावर त्यांनीच लिहावा. त्याच आकड्याखाली उद्याचा आकडा येईल एवढी जागा फळा पुसताना राखून ठेवा.