नववीच्या मुलांना वेब डिझाइन शिकवायचं आहे. सुरुवात एचटीएमएलपासून करावी की कॅनव्हापासून?

तुम्ही लिहिलंय की शाळेने नववीला आठवड्याचे दोन तास दिलेत, लॅबमधली निम्मीच मशीन चालतात, आणि स्टाफरूममध्ये दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं आधी कोडिंग, म्हणजे वेबपान लिहायची एचटीएमएल ही भाषा. दुसऱ्यांचं कॅनव्हा, म्हणजे तयार नमुन्यांवर डिझाइन करायचं साधन, त्यात मुलांना लगेच काहीतरी दिसेल. मी तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या शाळेत हाच विषय बरीच वर्षं शिकवते. मला विचाराल तर सुरुवात मजकुरापासून करा. मराठी मजकूर, आणि तोही गावातल्या कुणाला तरी खरोखर लागणारा. 'वेलकम टू माय वेबसाइट' किंवा 'माझा छंद' असल्या पानांवर वर्ष घालवलंत तर मुलं टॅग, म्हणजे एचटीएमएलच्या खुणा, शिकतील, डिझाइन शिकणार नाहीत. ते पान कुणालाच नको असतं, मग ते चांगलं की वाईट हे ठरवायचं कशावर? चर्चा 'निळा छान की गुलाबी छान' याच्यापुढे सरकत नाही.

आमच्याकडे पहिल्या सत्राचा मोठा भाग एसटी स्टँडच्या वेळापत्रकात जातो. मुलं जाऊन फलकाचा फोटो काढून आणतात. सुटण्याची वेळ, ठिकाण, मार्ग, गाडीचा प्रकार असे रकाने. काही ओळी खोडलेल्या, काहींवर खडूने नवी वेळ. हा मजकूर आधी वहीत उतरवायचा, मग टाइप करायचा. वही-पेन्सिलीचं काम भरपूर असल्यामुळे निम्मी मशीन बंद असली तरी वर्ग अडत नाही. त्यानंतर प्रश्न टाकायचा: हेच ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर, उन्हात पिशव्या सांभाळत उभ्या असलेल्या माणसाला कसं दाखवाल?

फलकावरचं टेबल आहे तसं मोबाइलवर टाकलं की ते आडवं सरकवावं लागतं, आणि वेळ दिसायला लागते तोवर गावाचं नाव पडद्याबाहेर गेलेलं असतं. मग वर्गात जुंपते. काही म्हणतात वेळेनुसार लावा, काही म्हणतात गावानुसार. रोज गाडीने येणारी मुलं गावाच्या बाजूने, कारण त्यांना एकाच गावाशी मतलब असतो. एका मुलीने विचारलं होतं, 'मॅडम, वाटेतल्या गावाचं काय? फलकावर शेवटचं गाव असतं. माझं गाव मध्येच आहे, तिथे वेगवेगळ्या मार्गांच्या गाड्या थांबतात.' फलक रंगवणाऱ्याला तेवढी जागा नव्हती, आपल्याला आहे. पुढचे दोन आठवडे पोरं वाटेतल्या थांब्यांची यादी करत होती. माहितीच्या या मांडणीला 'इन्फर्मेशन आर्किटेक्चर' म्हणतात, हे भारदस्त नाव मी खूप नंतर सांगते, तोवर ते करून झालेलं असतं.

असे वाद निघतच राहतात. १४.३० लिहायचं की दुपारी २.३०? मार्च २०२३पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, ते सगळ्यात वर ठळक टाकायचा मुलींचा आग्रह असतो. मी विचारते, स्टँडवर उभी असलेली बाई हे पान उघडते ती कशासाठी? सवलत तिला कधीचीच माहीत आहे, तिला पुढची गाडी हवी आहे. सवलत खाली जाते. कुणाला काय आधी लागतं हे ठरवायची सवय लागली की डिझाइनमधलं अर्धं काम झालं, असं माझं मत आहे.

कोडमध्ये याचं पहिलं रूप निव्वळ एचटीएमएलचं. शीर्षक, उपशीर्षक, यादी, परिच्छेद, बस्स. मुलं कुरकुरतात, 'हे जुनाट दिसतं.' तेव्हा मी वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचं सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेतलं १९९१चं पहिलं संकेतस्थळ उघडून दाखवते. सर्नने ते २०१३मध्ये मूळ पत्त्यावर पुन्हा उभं केलं. त्यात रंगरंगोटी काही नाही, तरी आजच्या मोबाइलवर वाचता येतं. पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेची कल्पना होकोन व्हिउम ली यांनी १९९४मध्ये मांडली आणि पहिली आवृत्ती १९९६ला आली, म्हणजे पान आधी आणि पोशाख नंतर हाच इतिहासातलाही क्रम. जुन्या पुस्तकांतले फॉन्ट टॅग, सेंटर टॅग आणि मार्की, म्हणजे सरकता मजकूर, शिकवू नका. मार्की मुलं स्वतःच शोधून काढतात, तो भाग वेगळा! व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग मात्र पहिल्या दिवसापासून. तो नसला की मोबाइल ते पान संगणकाच्या रुंदीचं समजतो आणि सगळं आक्रसून दाखवतो. जावास्क्रिप्टची घाई नको, अकरावी-बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात ती आहेच.

आता देवनागरीबद्दल, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण याविषयी मराठीत फारसं कुणी बोलत नाही. वेब डिझाइनची बहुतेक पुस्तकं आणि व्हिडिओ रोमन लिपी गृहीत धरतात. शीर्षक उठावदार करायला सगळी अक्षरं कॅपिटल करा, अक्षरांत थोडं अंतर सोडा, अवतरण इटॅलिक करा. मराठीत यातलं एकही जमत नाही. कॅपिटल आपल्याकडे नाहीतच. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. चौकातले फ्लेक्स पाहा, चार-पाच उदाहरणं सहज सापडतील. इटॅलिकची परंपरा देवनागरीला नाही, फॉन्टमध्ये तिरपं रूप नसलं की ब्राउझर सरळ अक्षरं ढकलून तिरकी करतो आणि ते पडायला आल्यासारखं दिसतं. मग मुलांच्या हाती उरतं ते आकार, जाडी, रंग आणि मोकळी जागा. शिकवायला हे फार सोयीचं आहे. साधनं चारच असली की प्रत्येकाचा नीट विचार करावा लागतो.

ओळींमधलं अंतर हा यातला सगळ्यात दिसणारा भाग. आपल्या लिपीत वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, त्यामुळे इंग्रजीसाठी पुरणारं अंतर इथे कमी पडतं. एकच परिच्छेद अक्षराच्या आकाराच्या १.२, १.५ आणि १.७ पट अशा तीन अंतरांत छापून मुलांना मोठ्याने वाचायला द्या. १.२मध्ये वरच्या ओळीतला उकार खालच्या रफाराला टेकतो आणि वाचणारा अडखळतो. तेवढं ऐकलं की नियम पाठ करून घ्यावा लागत नाही. लहान आकारात अक्षरं जाड केली की 'ष', 'क्ष', 'द्ध' यांच्या पोटातली जागा भरून जाते. दोन्ही कडा जुळवायच्या भानगडीत पडू नका. 'विद्यार्थ्यांसाठीच्या' यासारखे प्रत्यय लागून लांबलेले शब्द अरुंद पडद्यावर आले की बाकीच्या शब्दांमध्ये भगदाडं पडतात. डावी कड सरळ ठेवा, उजवी सोडून द्या.

फॉन्टचं म्हणाल तर मोफत आणि चांगले आता बरेच आहेत. मुंबईच्या 'एक टाइप'चे मुक्त आणि बालू, 'इंडियन टाइप फाउंड्री'चा हिंद, शिवाय नोटो आणि तिरो देवनागरी मराठी. मुलं इंग्रजी व्हिडिओ बघून माँटसेराट लावतात. त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत, त्यामुळे ब्राउझर मुकाट्याने फोनमधला दुसराच फॉन्ट उचलतो आणि तेच पान प्रत्येकाच्या फोनवर वेगळं दिसतं. एका तासात हे घडू द्या, मग चार जणांचे फोन शेजारी ठेवून कारण शोधायला लावा. पानाच्या पहिल्या टॅगमध्ये 'लँग' देऊन भाषा मराठी असल्याचंही सांगायचं. काही फॉन्टमध्ये त्यामुळे 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न येता मराठी वळणाचे येतात, आणि दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही भाषा कळते. विंडोजमधला मंगल सगळ्यांना नावाने माहीत असतो. तो र. कृ. जोशी यांनी घडवला, आणि ते आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवायचे, हे सांगितलं की मुलांना नवल वाटतं. अक्षरं कुणीतरी बसून काढलेली असतात हे त्यांच्या डोक्यातच आलेलं नसतं.

म्हणून चित्रकलेच्या शिक्षकांना सोबत घ्या. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांमुळे संकल्पचित्र आणि अक्षरलेखन आपल्या शाळांत आधीपासून आहे, फक्त त्याचा संगणकाशी संबंध कुणी जोडत नाही. आमच्या चित्रकलेच्या सरांनी एकदा कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली अक्षरं फळ्यावर काढून दाखवली. नाटकाचा सूर नुसत्या नावाच्या वळणात कसा येतो यावर ते पूर्ण तास बोलले. तसा तास मला घेता आला नसता.

ऑफिसकडून किंवा डीटीपीवाल्याकडून शाळेच्या वार्षिकाचा मजकूर आला तर तो बहुधा श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असेल. ब्राउझरमध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसेल. फाइल बिघडली म्हणून परत पाठवू नका. जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असायचे आणि युनिकोड या जागतिक मानकाने प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला, हे समजवायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. मग कन्व्हर्टर वापरा आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, काही हमखास बिघडतात.

पान तयार झालं की त्यावर बोलायची पद्धत आधी लावून द्यावी लागते. माझ्या वर्गात 'छान' आणि 'बोअर' या दोन शब्दांना बंदी आहे. 'मला आधी हे दिसलं, मग ते दिसलं, अमुक सापडलं नाही' असंच बोलायचं. त्यानंतर खरी परीक्षा. शाळेच्या शिपाईकाकांच्या किंवा एखाद्या आजीच्या हातात फोन द्यायचा आणि विचारायचं, 'साडेचारनंतर तुमच्या गावाला गाडी कधी आहे?' ज्याने पान केलंय त्याने तोंड उघडायचं नाही, बोट कुठे जातं ते फक्त वहीत लिहायचं. नववीच्या पोराला गप्प बसणं किती कठीण जातं हे तुम्हाला सांगायला नको. रंगांचंही तसंच. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ हवा, असा सुगमतेचा जागतिक निकष आहे आणि तो मोजून देणारी साधनं फुकट मिळतात. पण आधी फोन घेऊन सगळ्यांना मैदानात उन्हात न्या. पांढऱ्यावरचं पिवळं तिथे गायब होतं.

कॅनव्हा मी दुसऱ्या सत्रात आणते, स्नेहसंमेलनाच्या पोस्टरसाठी. शाळांसाठी त्याची मोफत आवृत्ती आहे, वाईट साधन नाही. पण पहिल्या दिवशी दिलं तर मुलं टेम्प्लेट उचलतात, त्यातलं इंग्रजी नाव पुसून मराठी नाव घालतात आणि ते मूळच्यापेक्षा वाईट का दिसतंय हे त्यांना कळत नाही. सहा महिन्यांनी दिलं तर तीच मुलं ओळींमधलं अंतर आधी वाढवतात. फोटोसाठी फोटोपी किंवा गिंप, जे तुमच्या मशीनवर चालेल ते. फोनमधला फोटो तीन-चार एमबीचा असतो, असे दहा टाकले की गावातल्या नेटवर पान उघडतच नाही. रुंदी १२०० पिक्सेल करा, दोनशे केबीच्या आत आणा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो आधीच दाबलेला असतो, तो छपाईला कुचकामी पण वेबला बहुतेकदा पुरतो.

गुण कशाला द्यायचे हा प्रश्न आता अवघड झालाय, कारण अख्खं पान चॅटजीपीटी लिहून देतो. मी ते वापरू देते. तोंडी परीक्षेत समोर बसवून सांगते, 'ही यादी गावानुसार कर, आणि या ओळीचं अंतर का ठेवलंस ते सांग.' ज्याने समजून केलंय तो दोन मिनिटांत करतो. शिवाय वहीत एक पान 'काय काढून टाकलं आणि का' याचं असतं. अंतिम पानापेक्षा मी त्याला जास्त गुण देते.

प्रसिद्ध करायचं असेल तर गिटहब पेजेस या वेबपानं ठेवायच्या सेवेवर फुकट जागा मिळते. खात्यासाठी किमान वय १३ आहे, तरी मी शाळेच्या एकाच खात्यावरून टाकते. मुलांची पूर्ण नावं, फोटो, मोबाइल नंबर पानावर नकोत. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. वेळापत्रकाच्या पानावर 'हे अधिकृत नाही, अमुक तारखेला फलकावरून उतरवलं' असं वरच्या बाजूला लिहायला लावा. दर सत्राला स्टँडवर जाऊन वेळा ताडून बघायचं काम कुणाचं, तेही आधीच ठरवा. पुढच्या वर्षीच्या नववीने ते घेतलं नाही तर पान उतरवून टाका. त्या पानावर विसंबून कुणाची शेवटची गाडी चुकायला नको.