ॲप निवडण्याआधी घरातली वाटी मोजा

तुम्ही लिहिलंय: वय ३४, उंची १६० सेंमी, वजन ७४ किलो, आयटीतली बैठी नोकरी, थायरॉईडची गोळी चालू, स्वयंपाक सासूबाईंच्या हातात. वजन कमी करायचंय, आणि समोर तीन पर्याय आहेत. कॅलरी मोजणारं फुकट ॲप, वर्षाचे नऊ हजार घेणारा कोचवाला प्लॅन, आणि सोसायटीतल्या काकू देतायत तो वजन उतरवायच्या शेकच्या पावडरीचा डबा, 'महिन्यात १० किलो' या बोलीवर. यातलं काय घेऊ?

डब्याचा निकाल आधी लावू. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ मानाने ७,७०० कॅलरी. १० किलोचे झाले ७७,०००, म्हणजे ३० दिवस रोज अडीच हजारांच्या वर तूट हवी. तुम्ही दिवसभरात तेवढं खातसुद्धा नसाल! पहिल्या आठवड्यात काटा जो झपकन खाली येतो, त्यात बराचसा भाग पाण्याचा असतो. आठवड्याला अर्धा किलो हा वेग धरा. काकूंना गोड बोलून डबा परत करा, लिफ्टमध्ये रोज भेट व्हायची आहे.

आता कोचवाला प्लॅन. मी नाशिकला बँकेत आहे, वय ४८. पाच वर्षांपूर्वी ९१ किलो होतो तेव्हा असाच एक प्लॅन वर्षभराचे पैसे भरून घेतला. नाव सांगत नाही. चार महिन्यांत तीन कोच बदलले आणि प्रत्येक जण पहिल्यापासून विचारायचा, "सर, आपण व्हेज की नॉनव्हेज?" सकाळी ओट्स, रात्री किन्वाचं सॅलड. संकष्टीला काय खाऊ विचारलं, तर उत्तर आलं, 'उपवास टाळा'. आईला काय सांगणार होतो मी? वैतागून ॲप काढून टाकलं, आणि पुढच्या वर्षी खात्यातून पुन्हा पैसे कापले गेले. ॲप डिलीट केलं म्हणजे वर्गणी थांबत नाही, प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन ती वेगळी रद्द करावी लागते. बँकेतल्या माणसाला हे माहीत असायला हवं होतं, ते असो.

कोच वाईटच असतात असं नाही. माझ्या बहिणीला कुणीतरी रोज विचारणारं लागतं, तिला कोचमुळेच जमलं. मला कुणी विचारलं की मी खोटं सांगतो. म्हणून आधी तुमचं कुठे बिघडतं ते शोधा. आठवडाभर साध्या वहीत लिहा: काय खाल्लं, किती वाजता, आणि खरंच भूक होती का. माझ्या वहीत जेवणाच्या वेळा बऱ्या निघाल्या. घोळ होता संध्याकाळी पाच ते आठचा, म्हणजे दोन-दोन चमचे साखरेचे चहा आणि काउंटरमागे फिरणारी फरसाणची पुडी.

दुसरं सापडलं ते तेल, आणि ते कुठल्याच ॲपला दिसत नाही. ॲप विचारतं, 'भाजी, एक वाटी'. कुणाची वाटी? आमच्या घरच्या वाटीत मी पाणी मोजलं तर २१० मिली भरलं, ॲप १५० धरून चाललं होतं. फोडणीचं तर त्याहून अवघड. आमच्याकडे पाच लिटरचा डबा महिनाभर जायचा, माणसं चार. म्हणजे माणशी रोज साधारण ३८ ग्रॅम तेल, ग्रॅमला ९ कॅलरी, झाल्या ३४० च्या वर. तुमच्याकडे स्वयंपाक सासूबाई करतात, तेव्हा हा हिशोब तुमच्या दृष्टीने ॲपपेक्षा मोठा. त्यांना 'तेल कमी घाला' म्हणायला जाऊ नका, तसं सांगून कुणाचं भलं झालेलं नाही. नवा डबा फोडला की त्यावर पेनाने तारीख टाका, एवढंच.

मोजणारं ॲप घ्यायचंच असेल तर पैसे भरण्याआधी घरातला एक खरा दिवस त्यात भरून बघा: पोहे, ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, कढी. मायफिटनेसपालसारख्या परदेशी ॲपात बऱ्याच नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात, त्यामुळे एकाच 'पोह्यां'चे चार वेगवेगळे आकडे दिसतात. हेल्दीफायमी बेंगळुरूचं असल्याने आपले पदार्थ तिथे जास्त सापडतात. दहा पदार्थांतले सात नीट मिळाले तर ठेवा. एक मात्र बघा, परदेशी ॲप बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २५ पर्यंत सगळं आलबेल दाखवतं. आपल्याकडचे डॉक्टर २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, बायकांची कंबर ८० सेंमीच्या आत हवी म्हणतात. तुमचा बीएमआय २९ च्या जवळ येतो. पण ॲपने एकदम ५९ किलोचं लक्ष्य दिलं तर ते बदलून आधी ७० करा.

मोजायचाच कंटाळा असेल तर डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा जेवणाची पद्धत आहे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत आणि ४५ मिनिटं चालणं. खर्च काही नाही. सतत तोंड चालू असणाऱ्यांना ती सोपी जाते, माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मानवली. मला दुधासाखरेचा चहा सुटेना. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलायच्या नाहीत, साखर एकदम खाली जाऊ शकते.

तुम्ही आधी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून घ्या. आणि जो प्लॅन पैसे घेण्याआधी थायरॉईड, चालू औषधं किंवा गरोदरपणाबद्दल विचारत नाही, तो घेऊ नका.

तुमच्या जागी मी असतो तर आठवडाभर वही, मग महिनाभर फुकटचं ॲप असं केलं असतं. त्यानंतरही कुणीतरी मागे लागायला हवं असं वाटलं तरच कोच, आणि तोही एका महिन्यापुरता. पैसे भरायच्या आधी त्याला विचारा, 'चतुर्थीला काय खाऊ?'

माझं वजन दीड वर्षात ९१ वरून ८० वर आलं, दिवाळीत दोन किलो परत वाढून. हल्ली ॲप उघडतही नाही, संध्याकाळी चणे-शेंगदाण्यांची डबी सोबत असते आणि घरी चालत येतो. तेलाचा डबा आता ४१ दिवस जातो. बायकोचं म्हणणं, तेल महागलंय म्हणून.