तुमचे प्रश्न : 'मिट्ट ऊन' का नाही म्हणत?

प्रश्न : आठवीला इंग्रजी शिकवते. शब्दार्थ मुलांना तोंडपाठ, पण लिहायला लागली की 'क्लोज द लाइट' नाहीतर 'आय डिड अ मिस्टेक'. काय करू? – एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, मुलं मराठीतून अगदी बरोबर विचार करतायत हो, आपण दारही बंद करतो आणि लाइटही, तिकडे दार क्लोज आणि लाइट टर्न ऑफ, चूक मेक आणि होमवर्क मात्र डू. शब्दांच्या या जोड्यांना कोलोकेशन म्हणतात. ही कल्पना १९५० च्या दशकात रुजवणारे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ फर्थ, हे आधी लाहोरला इंग्रजीच शिकवायचे बरं का!

सुरुवात मराठीतून करा. फळ्यावर लिहा ऊन, पाऊस, काळोख आणि शेजारी मिट्ट, रणरणतं, मुसळधार, मग एखाद्याला 'मिट्ट ऊन' म्हणायला सांगा, वर्ग हसेल. का हसलात विचारलं तर कुणाला धड सांगता येणार नाही, पण कानाला खटकलं एवढं सगळ्यांना कळेल. 'स्ट्राँग रेन' इंग्रजांना असंच खटकतं, त्यांचा पाऊस हेवी, स्ट्राँग असतो तो चहा, आपल्या कडक चहासारखा.

आणि वहीत 'रेन म्हणजे पाऊस' लिहून घेणं बंद करा, 'हेवी रेन', 'टेक अ फोटो' अशी अख्खी जोडीच उतरवू दे. एका धड्यातून चार-पाच जोड्या पुरे, त्याही मुलांनीच शोधायच्या, नामाखाली रेघ मारायची आणि आधीचं क्रियापद बघायचं. मोठ्या याद्या पाठ करायला देऊ नका, परीक्षेनंतर त्यातलं काही उरत नाही.