डेल्टा जी आणि डेल्टा जी नॉट यांत गल्लत होतेय

समतोलाला डेल्टा जी (रिअॅक्शनच्या मुक्त ऊर्जेतला बदल) शून्य, मग डेल्टा जी नॉट = −आरटी एलएन के या सूत्रात शून्य टाकलं की के (समतोल स्थिरांक) = १ यायला पाहिजे ना, असं तुम्ही विचारलंय. (आर म्हणजे गॅस स्थिरांक, टी केल्विनमधलं तापमान, एलएन म्हणजे नैसर्गिक लॉगरिदम.) शून्य होतो तो नुसता डेल्टा जी, नॉटवाला नाही. नॉटवाला म्हणजे सगळे गॅस १ बारला असते तर काय झालं असतं याचा आकडा, एका तापमानाला तो ठरलेला, रिअॅक्शन कुठवर आलीये याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. भांड्यात आत्ता जे आहे त्याचा डेल्टा जी = डेल्टा जी नॉट + आरटी एलएन क्यू. क्यू म्हणजे आत्ताच्या दाबांवरून काढलेलं, तयार झालेल्या आणि मूळ पदार्थांचं गुणोत्तर. रिअॅक्शन सरकते तसा क्यू बदलतो आणि डेल्टा जी शून्यावर आला की त्या वेळचा जो क्यू, तोच के. डेल्टा जी नॉट = −आरटी एलएन के हे तिथूनच येतं.

अमोनियावर करून बघा, एक नायट्रोजन, तीन हायड्रोजन, दोन अमोनिया. २५ अंश सेल्सिअसला डेल्टा जी नॉट −३३ किलोज्यूल, त्या तापमानाला दर ५.७ किलोज्यूलमागे के दसपट होतो, म्हणजे के सहा लाखांच्या घरात. पण ४ मोल गॅसचे २ होतात, एन्ट्रॉपी (विस्कळीतपणा) घटते, त्यामुळे तापवत गेलं की नॉट वर चढतो, १८० अंशांच्या आसपास शून्य ओलांडतो (तिथे मात्र के खरंच १!) आणि ७०० केल्विनला (साधारण ४२७ अंश सेल्सिअस) +५४ होतो, के दहा हजारात एकापेक्षाही कमी.

आणि तरी कारखाने साधारण याच तापमानाला चालतात, कारण कमी तापमानाला रिअॅक्शनला वेगच नसतो आणि उत्प्रेरक वेग वाढवतो पण के तसूभरही हलवत नाही. मग नॉट धन असताना अमोनिया होतो कसा? दाबामुळे. नायट्रोजन ५० बार, हायड्रोजन १५०, अमोनिया १० धरा, क्यू (अमोनियाच्या दाबाचा वर्ग भागिले नायट्रोजनचा दाब गुणिले हायड्रोजनच्या दाबाचा घन) येतो साधारण सतरा लाखात एक, आरटी एलएन क्यू −८३, बेरीज −२९. ऋण आली, रिअॅक्शन पुढेच जाणार! अमोनिया साठत गेला की क्यू के ला गाठतो आणि रिअॅक्शनचं पुढे सरकणं थांबतं, म्हणून अमोनिया गार करून द्रव रूपात काढून घेतात आणि उरलेला गॅस परत आत सोडतात.

गणित करताना आर ८.३१४ ज्यूलमध्ये असतो, नॉट किलोज्यूलमध्ये, तेवढं आधी जुळवून घ्या.