बूट मागवण्याआधी खूर तासून घ्या

गाढवाला किंवा खेचराला खुरांवर घालायचे बूट घ्यायचेत? घाई करू नका. आधी खूर तासून घ्या आणि दोन-तीन दिवसांतच माप घ्या. वाढलेल्या खुराचं माप हमखास फसवतं. जनावर चारही पायांवर नीट उभं राहू द्या. मग एकेक पाय उचलून तळव्याची रुंदी जिथे सर्वात जास्त आहे तिथे मोजा. लांबी पुढच्या टोकापासून टाचेच्या कडेपर्यंतच, मागची मऊ गादी त्यात धरायची नाही. दोन्ही आकडे मिलिमीटरमध्ये लिहा. चारही खुरांचे वेगळे लिहा, कारण पुढचे आणि मागचे सारखे नसतात.

खरी अडचण पुढे आहे. बाजारातले बहुतेक बूट घोड्याच्या गोलसर खुरासाठी बनतात. गाढवाचं खूर अरुंद, उभट, यू आकाराचं. खेचराचंही त्याच वळणाचं. लांबी बघून घोड्याचा बूट घेतलात तर तो बाजूंनी सैल राहतो आणि चालताना फिरतो. म्हणून अरुंद साच्याचाच शोधा.

घातल्यावर हाताने पिळून बघा, किंचित हलला तर चालेल, फिरता कामा नये. मग चालवा, दोन्ही बाजूंना वळवा, काढा आणि टाचेवरचे केस बघा. केस उलटे झालेत किंवा कातडी लाल दिसतेय? तिथे घासतंय. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं पुरे, तीही ओझ्याशिवाय.

आणि आपल्या मुंबईच्या पावसाळ्यात रात्री बूट काढाच. गाढवाचं खूर ओल लवकर शोषतं, बंद बुटात ते कुजतं. लंगडत असेल तर बूट नंतर, आधी पशुवैद्य.