ट्रेकला गेल्यावर रानफुलं तोडली किंवा एखादं रोप उपटून घरी आणलं तर चालतं का? कायद्याने गुन्हा आहे का?

'एखादं रोप बाल्कनीत आणून लावलं तर असं काय बिघडतं?' हे तुम्ही प्रश्नाखाली लिहिलेलं वाचलं आणि निवडायला घेतलेली भाजी बाजूला सारून लिहायला बसले. असंच काहीसं सहा वर्षांपूर्वी आमच्या घरी ऐकलंय. तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं.

कायद्याचं आधी आटपते. राखीव जंगल, अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान इथे नाही म्हणजे नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात 'वनउपज' कशाला म्हणायचं ते दिलंय. त्यात पानं, फुलं, फळं, गवत, वेली, शेवाळं सगळं येतं. मोहाची फुलं तर इंग्रजांनी नाव घेऊन घातलीत, का ते तुम्हीच ओळखा. अभयारण्यात त्यावर पुन्हा १९७२ चा वन्यजीव कायदा. कासचं पठार राखीव वन आहे, शिवाय २०१२ पासून जागतिक वारसा. तिथे सोनकी लाखांनी फुलते, पण एक फूल कानामागे खोचलंत आणि कुणी हटकलं तर 'एवढ्याने काय होतंय' म्हणून हुज्जत घालू नका. जंगलात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांना २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपज गोळा करायचा हक्क आहे. तो हिरडा-मोह वेचणाऱ्यांचा, तुमच्या-माझ्यासारख्या पाठीवर सॅक अडकवून आलेल्यांचा नव्हे.

खाजगी जमिनीवर मालकाने हो म्हटलं की सहसा कुणी विचारत नाही. काही मोजक्या वनस्पतींना वेगळं संरक्षण आहे, ते सोडून. माझं दुखणं नेमकं इथलंच आहे.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. घरामागे चढण चढलं की सडा. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते, सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. मे महिन्यात चपलेतूनही पाय पोळतो, आणि पहिल्या दोन-तीन पावसांनंतर तोच कातळ ओळखू येत नाही. जुलैत तिथे, जिथे खळग्यात वीतभर माती साठलेली असते तिथेच, पांढरी फुलं येतात. दुरून निशिगंध वाटावा अशी. आम्ही त्याला नुसतं 'कातळावरचं फूल' म्हणायचो. एकदा वनस्पतीशास्त्राच्या एक प्राध्यापिका विद्यार्थ्यांना घेऊन आल्या, त्यांनी नाव सांगितलं: कोकण दीपकाडी. शास्त्रीय नावातही कोकण आहे, कारण ती या कातळाचीच. प्रदेशनिष्ठ, असा त्यांचा शब्द. मला तेव्हा उगाच अभिमान वाटला, जणू मीच लावली होती. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या रविवारी चार गाड्या येतात.)

त्याच वर्षी आषाढात माझे धाकटे दीर ठाण्याहून मुलांना घेऊन आले. सड्यावर गेलो. भाऊजींनी फुलं पाहिली आणि घरी जाऊन पारय, म्हणजे पहार, घेऊन आले. मी म्हटलं, "भाऊजी, नका." ते म्हणाले, "वहिनी, सडा आपलाच आहे ना?" सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत आणि त्यात त्यांचंही आहे, त्यामुळे मी गप्प. चार कांदे निघाले. मातीसकट प्लास्टिकच्या पिशवीत घातले, वर ओलं फडकं. एवढी काळजी त्यांनी स्वतःच्या हापूसच्या कलमाची कधी घेतली नाही.

भाद्रपदात गौरींना सगळे आले. आमच्याकडे गौर तेरड्याची. मुळासकट आणायची, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं. मी आणि सासूबाई पऱ्ह्यावरून, म्हणजे ओढ्यावरून, तेरडा घेऊन आलो, मी उंबऱ्याशी मुळांची माती धूत होते आणि सहज विचारलं, "भाऊजी, कांदे कसे आहेत?" ते म्हणाले, "कुजले. पण तुम्ही कशाला विचारता? तुम्ही तरी काय करताय? मुळासकटच उपटलात ना?"

सगळे हसले. हातात मुळं, खाली चिखलाचं पाणी, काय बोलणार? सासूबाई काही बोलल्या नाहीत. मीही नाही. पण ते वाक्य सहा वर्षं घशात अडकलंय.

तर ऐका. तेरडा वर्षायू आहे. पावसात उगवतो, फुलतो, बी टाकतो, दिवाळीनंतर आपला आपण मरतो. पिकलेल्या बोंडाला बोट लावलं की फट्दिशी फुटून बी उडतं, लहानपणी सगळ्यांनी केलंय. तेरड्याचे रंग तीन दिवस म्हणतात, पण तेरडा पुढच्या वर्षी त्याच जागी हजर. तरीही सासूबाई एका जागचा सगळा कधी घेऊ देत नाहीत. "निम्मा ठेव गो, पुढल्या वर्षी गौर कुठून यायची?" हे मी लग्न होऊन आले त्या वर्षीपासून ऐकतेय. बोंडं धरलेली रोपं तर हातच लावायची नाहीत.

दीपकाडी कांद्यावर जगते. पावसाळा संपला की वरचं सगळं वाळतं आणि कांदा पुढचे कित्येक महिने तापलेल्या कातळाच्या खळग्यात कोरडा झोपून राहतो. फूल तोडलंत तर त्या वर्षीचं बी गेलं. कांदा काढलात तर त्या रोपाची पुढची सगळी वर्षं गेली. आणि कुंडीत घालून रोज सकाळी तांब्याभर पाणी घातलं तर तो कुजणारच, त्याला पाण्याची नाही, कोरड्या झोपेची सवय आहे. जमिनीवरच्या आमरींचं, म्हणजे तुम्ही ज्यांना रानटी ऑर्किड म्हणता त्यांचं, आणखी कठीण. त्यांचं बी धुळीइतकं बारीक, पोटात शिदोरी नाही, मातीतली ठरावीक बुरशी भेटली तरच रुजतं. ती बुरशी तुमच्या कोकोपीटमध्ये नसते. म्हणून ऑनलाइन कुणी 'सह्याद्रीतलं ऑर्किड' विकत असेल तर घेऊ नका. ते बहुतेक वेळा कुठून तरी खणलेलंच असतं.

त्या मोजक्या वनस्पती सोडल्या तर कायदा जागा बघतो. कासला लाखांनी फुलणारी सोनकी तोडली तर चूक, आणि आमच्या सड्यावरची दीपकाडी पारयने खणली तर सातबारा दाखवून सुटका. मला हे उलटं वाटतं, पण कायदा असाच आहे, आणि भाऊजी कायद्याच्या बाजूने उभे होते हे मान्य करावं लागतं.

आणखी एक. हातापेक्षा पाय जास्त नुकसान करतात. सड्यावर मातीचा थर बोटभर असतो. सीतेची आसवं नावाची इवली फुलझाडं त्या ओलीत उभी असतात, मातीत अन्न नाही म्हणून बारीक जीव पकडून जगतात. त्यांच्यात बसून फोटो काढणारा एक फूलही तोडत नाही, पण उठतो तेव्हा खाली चिखल राहतो. अलीकडे कातळशिल्पं बघायला लोक थेट सड्यावर गाड्या घालतात. तुम्ही विचारलंत फुलाचं, म्हणून हे सांगायचं राहिलं असतं.

आता भाऊजींचा एक मुद्दा खरा होता तोही लिहिते, नाहीतर जाऊबाई म्हणतील एकतर्फी लिहिलंय. त्या दिवशी ते असंही म्हणाले होते की पलीकडच्या चिरेखाणीने अर्धा सडा खाल्ला, त्यांना कोण विचारतं? बरोबर आहे. खाणीचं यंत्र चाललं की खळगाही उरत नाही आणि माझे चार कांदेही. पण म्हणून उरलेल्या अर्ध्या सड्यावर पारय घेऊन जायचं का?

तुम्हाला घरी लावायचंच असेल तर शेजाऱ्याच्या बांधावरून, विचारून, तेरड्याचं पिकलेलं बी घ्या. कुंडीत छान येतो. कळलावी दिसली तर फुलाचा फोटो काढा, कंद उकरू नका. ती सगळीच विषारी आहे, कंद सर्वांत जास्त, आणि घरात लहान मुलं असतील तर मुळीच नको. गौरीला तिची एखादी डहाळी मीही आमच्याच कुंपणावरून घेते, हे लपवत नाही.

भाऊजींनी कांदे काढले त्या खळग्यात अजून फक्त गवत उगवतं. दर जुलैत बघून येते.

भाऊजी इथली उत्तरं वाचत नाहीत बहुधा. गौरी पुढच्या महिन्यात आहेत, तोवर हे उत्तर घरच्या ग्रुपवर टाकून ठेवते.