आईचा जीव कट्ट्यावर रमेना

प्रश्न : वडील गेल्यावर आईला (वय ७६) तासगाव तालुक्यातल्या गावाहून पुण्याला आणलं. आम्ही दोघं नोकरीला, मुलगी कॉलेजात. पाच मिनिटांवर विरंगुळा केंद्र आहे. एकदा तिला तिथं सोडून आले, तर अर्ध्या तासात परत! म्हणाली, ‘‘सगळे बापे पेपर वाचत बसल्यात, मी तितं काय करू?’’ दिवसभर गॅलरीत बसते. काय करावं?
– एक लेक, कोथरूड

उत्तर : ताई, आईंचं काही चुकलेलं नाही. कॅरम, पेपर आणि राजकारणाच्या गप्पा एवढंच जिथं चालतं, तिथं जन्मभर कामात असलेल्या बाईनं हात कुठं ठेवायचे?

माझी आई गावाहून आमच्याकडे आली, तेव्हा आठवडाभर बाकाच्या टोकाला पदर आवळून बसायची. मग एक दिवस तिनं कापसाचा पुडा आणि राखेची डबी बरोबर नेली. बोटांना जरा राख लावून वाती वळायला लागली. शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘‘माझ्या फुलवातीचं टोक सुटतं हो.’’ आईनं त्यांचा अंगठा धरून टोक कसं दाबायचं ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता खालून हाक आली, ‘‘आक्का, येताय ना?’’ त्या हाकेनंतर आईला सांगावं लागलं नाही.

म्हणून आईंना नुसतं सोडून येऊ नका. पहिले तीन-चार शनिवार स्वतः बरोबर बसा. बायकांचं भजन किंवा हरिपाठ कोणत्या दिवशी असतो ते विचारा आणि त्याच दिवशी न्या. हातात काहीतरी काम द्या, मटार सोलायचे असले तरी चालेल. आणि आधी तिथलं स्वच्छतागृह बघून या. पायऱ्या किती, कठडा आहे का, तेही. गुडघे दुखणारी बाई हे कारण सांगत नाही, ‘करमत नाही’ म्हणते.

अजून एक. गाव तोडू नका. ७५ पूर्ण झालेल्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, आधार कार्ड तेवढं जवळ हवं. तासगावच्या गणपतीचा रथ ऋषिपंचमीला निघतो. त्याच्या आधी दोन दिवस आईंना स्वारगेटहून घेऊन जा, आणि चांगलं आठ दिवस तिकडंच राहू द्या.